दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज

मैत्रिणींनो, तुमच्या पत्रांत हल्ली कुरडया-पापडांपेक्षा विजेचीच चौकशी जास्त असते. ‘गच्चीवर सोलर बसवावं का?’, ‘एजंट म्हणतो बिल शून्य येईल, खरं का हो?’ आणि एका भगिनीने तर अगदी मर्मावरच बोट ठेवलंय : ‘सूर्य फुकट, मग वीज फुकट का नाही?’ हाच प्रश्न आमच्या शाळेतली मुलंही विचारतात. मी शिकवते मराठी आणि इतिहास, तेही अर्धवेळ. पण वालूरसारख्या गावात बाईंना सगळंच येतं असा मुलांचा समज असतो. शिवाय घरखर्चाची वही रोज माझ्याच हातात. तेव्हा आज जरा ओट्यापासून दूर, मीटरच्या पेटीपाशी जाऊ या.

आधी चांगलं ते चांगलं म्हणू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू केली. तीत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. एक किलोवॅटच्या प्लेटा वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट देतात. आपल्या मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! तीन किलोवॅट म्हणजे रोजचे बारा युनिट. चार माणसांच्या घराला पुरून उरतील.

शेतीचं तर विचारूच नका. रात्रीची लाईन म्हणजे काय हे ज्या घरात गहू-हरभरा आहे त्या घरातल्या बाईला सांगायला नको. धनी हातात बॅटरी घेऊन रात्री एक वाजता पाणी द्यायला गेला, की परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. अंधारातला बांध, पायाखाली ओल, विंचू-साप. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला, तो शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ज्या शिवारात ती वीज आली तिथल्या बायकांची रात्रीची झोप परत आली, आणि हे कुठल्याच हिशेबाच्या वहीत लिहिलं जात नाही. म्हणून पुढे मी खर्चाचं बोलणार आहे त्यावरून ‘बाई सोलरच्या विरुद्ध दिसतात’ असं कृपा करून समजू नका.

आता घड्याळ बघा. दुपारी साडेबाराला प्लेटा अगदी जोरात असतात. त्या वेळी घरात कोण असतं? मुलं शाळेत, घरचे कामावर. एक पंखा, एक फ्रीज. संध्याकाळी सात वाजता काय होतं? देवापाशी दिवा लागतो, ओट्यावर मिक्सर घरघरतो, टाकी रिकामी म्हणून मोटर, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची मालिका, सगळं एकदम. आणि हे एका वालूरला होत नाही. परभणीपासून पुण्या-मुंबईपर्यंत सगळ्या घरांत त्याच तासाला होतं. प्लेटा मात्र तोवर गार झालेल्या असतात. मग सातची ती वीज कोण देतं? जे केंद्र दिवसभर तयारीत उभं होतं, ते. त्या उभं राहण्याची मजुरी असते. ती एजंटच्या कागदावर नसते, एवढंच.

आमच्या गावात चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. बाहेरगावची मंडळी फोटो काढायला येतात. मला ती बघितली की नेहमी वाटतं, पाऊस तर तेव्हाही फुकटच पडत होता. पण चार महिन्यांचा पाऊस वैशाखात हाताशी यावा म्हणून कुणीतरी एवढा दगड घडवला, वाहून आणला, रचला. विजेचंही तसंच आहे. ऊन फुकट आहे, ते सातपर्यंत राखून ठेवणं फुकट नाही.

हे राखणं किती महाग पडतं, हे पाहायला फार लांब जायला नको. तुमच्या घरात कोपऱ्यात इन्व्हर्टर असेल. त्याचा हिशेब कधी केलाय का? इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी मिळून पंचवीस हजार गेले असं धरा. बॅटरी नीट राखली तर पाच वर्षं चालेल असंही धरा. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही एवढं त्यावर चालवलं तर तासाला पाव युनिट लागतं. रोज दोन तास लाईन जात असेल, तर दिवसाला अर्धा युनिट, वर्षाला एकशे ब्याऐंशी, पाच वर्षांत नऊशेच्या वर. पंचवीस हजाराला नऊशेने भागा. इन्व्हर्टरचा एक युनिट सत्तावीस रुपयांना पडला!

आता गंमत पाहा. लाईन सुधारली. रोज न जाता आठवड्यातून एकदाच दोन तास जाऊ लागली. आनंदाचीच गोष्ट. पण बॅटरी तर तितक्याच वर्षांनी मरणार आणि पैसे तर आधीच गेलेले. पाच वर्षांत एकशे तीस युनिट वापरले जातील, म्हणजे एक युनिट एकशे नव्वद रुपयांना! बॅटरी भरताना चौथा-पाचवा हिस्सा वीज उष्णतेत वाया जाते ती मी धरलेलीच नाही. म्हणून इन्व्हर्टर काढून टाकावा का? मुळीच नाही, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी घरात असेल तर ते एकशे नव्वदही परवडतात. पण लक्षात एवढं ठेवा, की पाठराखणीची वस्तू जितकी कमी वापरली जाते तितकी ती दर युनिटला महाग पडते. पुढचं सगळं याच एका भागाकारावर उभं आहे.

आपल्या शेजारचं परळी वैजनाथ घ्या. तिथे कोळशावर चालणारे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. मोठमोठी धुरांडी रेल्वेतूनही दिसतात. गॅस जसा खटकन लावला आणि खटकन बंद केला, तसं कोळशाच्या संचाचं नसतं. ती कोळशाची शेगडी आहे. एकदा पूर्ण गार झाली की पुन्हा पेटवून फुलवायला कित्येक तास जातात, आणि सुरुवातीला तेल जाळावं लागतं ते वेगळंच. मग दुपारी सोलर जोरात असतं तेव्हा काय करायचं? विझवायची नाही, मंद आचेवर ठेवायची, म्हणजे संध्याकाळी झटकन मोठी करता येईल. देशातल्या कोळशाच्या संचांनी किती मंद होता आलं पाहिजे, याचे नियमच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले : आधी पूर्ण ताकदीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत.

मंद आचेवर दर युनिटला कोळसा जास्त लागतो. रोज तापायचं, रोज निवायचं; गरम काचेच्या भांड्यावर गार पाणी पडल्यावर जे होतं तेच हळूहळू जाड पोलादी नळ्यांचं आणि चक्रांचं होतं, दुरुस्त्या वाढतात. पगार, कर्जाचे हप्ते, देखभाल यांत मात्र कपात होत नाही. वीज खरेदीच्या करारांत म्हणूनच दोन भाग असतात. एक भाग घेतलेल्या युनिटांचा, आणि दुसरा केंद्र तयार राहिलं त्याचा. वीज उचलली नाही तरी तो दुसरा द्यावाच लागतो. सोलरने दुपारचा कोळसा वाचवला, ती बचत खरीच. पण केंद्राचा ठरलेला खर्च आता कमी युनिटांवर वाटला जातो. तुमच्या इन्व्हर्टरचा भागाकार आणि परळीचा भागाकार एकच.

आणि परळीच्या पाठराखणीला पाणीही लागतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. चुलीत सरपण आहे, पण आधणाला पाणी नाही!

मग पाण्यावरची वीज? ती खरोखर गुणी आहे. नळ उघडावा तशी मिनिटांत सुरू होते आणि मिनिटांत थांबते. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून आपण दारात पणत्या लावल्या होत्या. त्या थोड्या वेळात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि दिवे लागताच पुन्हा वर चढली. आपण पणतीची वात सारत होतो तेव्हा देशभरच्या जलविद्युत केंद्रांतली माणसं यंत्रं झपाट्याने उतरवत आणि मग चढवत होती. त्यांनी ते सांभाळलं म्हणून नऊ वाजून नऊ मिनिटांनी आपल्या घरात बटण दाबताच दिवा लागला.

महाराष्ट्रात या कामाचा मोठा आधार कोयना. तिची सगळी वीजघरं मिळून १९६० मेगावॅट, आणि त्यांचा खरा उपयोग गर्दीच्या तासांना. पण कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं, ते पुन्हा कृष्णेत येत नाही. वर्षाला किती पाणी असं उतरवायचं याला कृष्णा लवादाने साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे. तिकडे सांगलीकडचे दुष्काळी तालुके कृष्णेच्या पाण्याची वाट बघत असतात. म्हणजे मुंबईतला सातचा दिवा आणि जतमधला पाण्याचा टँकर यांचं नातं आहे, ते बिलावर छापलेलं नसतं. आपल्या जिंतूर तालुक्यातल्या येलदरीलाही साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे. खाली सिद्धेश्वरला आणि कालव्यांना पाणी सोडायचं असेल तेव्हा जाता जाता वीज होते. केवळ दिवे हवेत म्हणून येलदरी रिकामी करा, असं आपल्या भागात कोण म्हणेल?

यावर एक युक्ती आहे. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या हद्दीवर घाटघरला दोन धरणं आहेत, एक वर, एक खाली. वीज भरपूर असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, आणि गरजेला वरचं खाली सोडून वीज करायची. २००८ पासून तिथे २५० मेगावॅटचं केंद्र आहे. आपल्या पैठणलाही नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं असंच दोन्हीकडे फिरणारं यंत्र बसवलेलं आहे. पाणी तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं ही केवढी सोय. मात्र चार युनिट खर्चून वर चढवलेलं पाणी खाली येताना तीनच युनिट हातावर ठेवतं. चक्कीवाला जसा पिठात घट धरतो तसंच हे. पुन्हा डोंगर पोखरायचा, जंगल पाण्याखाली घालायचं, तो खर्च आलाच. हल्ली मोठ्या बॅटऱ्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत, आणि पुढेमागे सातचा दिवा त्यांच्यावरच जळेल असं मला वाटतं. पण तीही कोठीच. आणि कोठीला पैसे पडतात.

पवनचक्क्यांचं थोडक्यात सांगते. साताऱ्याच्या वनकुसवड्याला आणि आपल्या बीडच्या डोंगरपट्ट्यात त्या आहेत. वारा पावसाळ्यात जोरात, म्हणजे ढगांनी सोलर मंदावतं तेव्हा त्या कामाला येतात. जावाजावांनी पाळी लावून घ्यावी तसं. पण कार्तिक-मार्गशीर्षात संध्याकाळी ऊनही नसतं आणि बहुतेक वाराही नसतो, नेमकं रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत.

आता आपलं बिल काढा. जुनं असेल तरी चालेल. ‘वीज आकार’ ही तुम्ही वापरलेल्या युनिटांची रक्कम. ‘वहन आकार’ तारांमधून वीज आणल्याचा. ‘इंधन समायोजन आकार’ वीज खरेदीचा खर्च अंदाजाबाहेर गेला की त्यात वर-खाली होणारा. शेवटी १६ टक्के वीज शुल्क. आणि अगदी वर असतो तो ‘स्थिर आकार’, ज्यावर पंधरा दिवस माहेरी जाऊन आलेल्या बायकाही चिडतात, ‘घराला कुलूप होतं तरी पैसे कसले?’ तर त्यातलेच काही पैसे या उभं राहण्याचे. तुम्ही रात्री अकराला परत येऊन बटण दाबाल आणि दिवा लागेल, याचे. एजंट ‘शून्य बिल’ म्हणतो तेव्हा हा स्थिर आकार तो धरत नाही. सोलर बसवल्यावरही तो येतच राहतो.

सोलरवाल्या घराला नेट मीटर लागतं. दुपारी जास्तीची वीज लाईनवर जाते आणि रात्री तितकी परत घेता येते. शेजारणीकडे दुपारी वाटीभर साखर ठेवली आणि रात्री वाटीभर परत आणली, असा व्यवहार. बरा आहे. पण आळीतल्या सगळ्याच जणी दुपारी साखर ठेवायला आणि रात्री न्यायला लागल्या, तर त्या शेजारणीला रात्रीपुरती साखर महाग बाजारातून आणावी लागेल. ती कुणाकडून वसूल करील? ज्यांनी दुपारी काहीच ठेवलं नव्हतं त्यांच्याकडूनही थोडी थोडी. मला खरी काळजी वाटते ती इथे.

आमच्याच गल्लीत स्लॅबची घरं आहेत आणि पत्र्याचीही आहेत. स्लॅबवाल्याला प्लेटा बसवता येतात, अनुदान मिळतं, बँक कर्ज देते. पत्र्याखाली किंवा भाड्याच्या खोलीत राहणारी बाई महिन्याला साठ-सत्तर युनिट जाळते, तिला यातलं काही सहजी जमत नाही. आपल्याकडे जास्त वीज वापरणाऱ्यांचा दर चढा असतो आणि त्यातून कमी वापरणाऱ्यांना थोडा आधार मिळतो. हे चढ्या दराचे ग्राहक प्लेटा लावून बाजूला झाले, तरी रात्रीची तयारी त्यांच्यासाठीही ठेवावीच लागते. मग तो बोजा सरकत सरकत पत्र्याच्या घरावर येऊ नये, हे कुणीतरी पाहायला हवं. माझं मत विचाराल तर राखून ठेवण्याचा खर्च बिलावर स्वतंत्र ओळीत उघड छापावा, आणि ज्याचा रात्रीचा वापर मोठा त्याने तो जास्त उचलावा. लपलेला खर्च नेहमी गरिबाच्या पदरात पडतो. घरातही तसंच असतं. ज्या खर्चाचं नाव वहीत नसतं तो शेवटी गृहिणीच्या दुधातून, भाजीतून कापला जातो.

वीज कंपन्यांनाही हे दुपार-संध्याकाळचं कळलंय. वेळेप्रमाणे नोंद ठेवणारे नवे मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत २०२५ मध्ये जाहीर झाली. मीटर कसलंही असो, सवय आतापासूनच लावायला हरकत नाही. टाकी दुपारी भरून ठेवा. इस्त्री रात्री दहाला न करता जेवणानंतर करा. इडलीचं वाटण, शेंगदाण्याचं कूट, चटण्यांचं दळण दिवसा उरका. नोकरी करणाऱ्या बायकांना हे सगळं जमणार नाही, मला ठाऊक आहे. शाळा असते त्या दिवशी मलाही जमत नाही. पण मोटर दुपारी लावायला घरात थांबलेले आजोबाही चालतात.

आणि प्लेटा बसवायच्याच असतील तर सही करण्याआधी दोन-चार गोष्टी विचारा. मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून तेवढ्याच वापराचा संच घ्या. एजंट मोठाच घ्या म्हणेल. वर्षअखेर उरलेले युनिट आपल्याकडून घेतात ते आपण भरतो त्या दराने नव्हे, कमी दराने. स्लॅबवर सावली कुणाची पडते ते पौष महिना डोळ्यापुढे आणून बघा, तेव्हा ऊन तिरपं असतं. प्लेटांवरची धूळ कोण पुसणार, तेही ठरवा. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत भुसा किती उडतो ते तुम्ही जाणताच.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं. बहुतेकींची समजूत असते की प्लेटा बसल्या म्हणजे लाईन गेली तरी घरात उजेड. साध्या, लाईनला जोडलेल्या संचात तसं होत नाही. बाहेरची लाईन गेली की भर दुपारी लख्ख उन्हातसुद्धा तो संच आपोआप बंद पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढून तार जोडणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून गेलेल्या विजेचा धक्का बसेल. लाईन नसताना वीज हवी असेल तर बॅटरीसकटचा वेगळा संच घ्यावा लागतो. त्याची किंमत बरीच जास्त असते, आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. तेव्हा ‘लाईन गेल्यावर काय काय चालेल आणि किती तास चालेल?’ हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या.